सायलेन्सर नसलेली गाडी



मी मोशीला राहते, शाळा चाकणला. जाऊन-येऊन रोजचे पंचवीसेक किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चारचाकी घ्यायची चर्चा रंगली होती. पण कंपन्या सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हप्ते भरून कंटेनरच्या मागे रांगेतच बसायचं, तर गाडी कशाला? आम्ही इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पावसात रेनकोट घालूनही भिजते आणि चौघांना गावी जायचं तर एसटीच, पण पस्तावा नाही.

सातवीला विजेचं युनिट शिकवताना माझ्याच गाडीचं उदाहरण दिलं. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. माझ्या स्कूटरला पूर्ण चार्जिंगला साडेतीन युनिट लागतात, त्यात ती ऐंशी किलोमीटर पळते. मुलांनी किलोमीटरचा खर्च काढला. मी पण रंगात आले. म्हटलं, "आणि धूर अजिबात नाही!"

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, मग हिला सायलेन्सर नसतो ना? माझे पप्पा सायलेन्सरच्या कंपनीत आहेत."

तक्रार नव्हती हो, साधा प्रश्न होता. पण मला उत्तर सुचेना. फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज अशा कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपवर आमच्या कितीतरी मुलांची घरं चालतात. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सरही नाही.

दुसऱ्या दिवशी आधी माझी चूक सुधारली. आपल्याकडची बरीच वीज चंद्रपूर, कोराडीला कोळसा जाळून होते. धूर इथे नाही, तिथे आहे. मग आकुर्डीची गोष्ट सांगितली. बजाजची पेट्रोलची चेतक 1972 मध्ये आली, पुढे बंद झाली आणि जानेवारी 2020 मध्ये त्याच नावाने विजेची चेतक बाजारात आली. नाव तेच, आतलं सगळं वेगळं.

फळ्यावर तीन रकाने केले: गेलेले भाग, राहिलेले भाग, नवे भाग. ब्रेक, टायर, सीट राहिले. बॅटरी, मोटर नवे. त्या मुलाने घरी विचारून आणलं होतं: पप्पा पाइप वाकवतात आणि वेल्डिंग करतात. तो म्हणाला, "मॅडम, चासीला पण वेल्डिंग लागतंच की!" खरं होतं. पण एवढ्यावरून पप्पांची नोकरी टिकेल, असं मी म्हटलं नाही. खोटा धीर मुलांना लगेच कळतो.

स्कूटर मी आजही चालवते, पुढेही चालवीन. फक्त तिचं कौतुक करताना आता त्या मागच्या बाकाकडे बघते. पर्यावरणाचा धडा घ्याल तेव्हा तुम्हीही मुलांना आधी एवढं विचारा: तुझ्या घरचे कंपनीत नेमकं काय बनवतात? आणि पालकहो, तुम्ही काय काम करता, ते मुलांना एकदा सविस्तर सांगा. आमचा अर्धा धडा तिथेच होतो.