उघडा तळहात

कयाधू नदीच्या काठी वसलेल्या हिंगोलीत दसऱ्याची जत्रा मोठी भरते. त्या जत्रेतून आणलेला लाकडी भोवरा ज्याने दोरी गुंडाळून जमिनीवर सोडला आहे, त्याला फिरकी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. मनगटाला शेवटच्या क्षणी दिलेला झटकाच भोवऱ्याला जीव देतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

असा एक मुलगा शाळेत टेबल टेनिस खेळू लागला. वरच्या वर्गातील एका खेळाडूची सर्व्हिस त्याला काही केल्या परतवता येईना. चेंडू संथपणे येई. मुलगा बॅट पुढे करी आणि चेंडू जाळ्यात जाई. पुढच्या खेपेस तो चेंडू उचलून मारी, तर तो टेबलाबाहेर उडे. समोरच्याच्या हाताची हालचाल मात्र दोन्ही वेळा एकच दिसे. “हा मला फसवतो,” असे वाटून त्याला राग येई.

अखेर त्या खेळाडूनेच त्याला मर्म सांगितले. बॅट चेंडूच्या खालच्या अंगाला घासून गेली, की चेंडू उलटा फिरू लागतो व समोरच्या बॅटला लागताच खाली घसरतो. घासण्याऐवजी त्याला नुसते हलके ढकलले, तर फिरकी जवळजवळ उरत नाही. अशा चेंडूला फिरकीचा समजून उचलावे, तर तो वर उडतो. शिवाय बॅटचे टोक वेगाने फिरते आणि मुठीजवळचा भाग संथ. म्हणून टोकाजवळ लागलेला चेंडू अधिक फिरतो. झोका तोच, फरक फक्त स्पर्शाच्या एका क्षणाचा!

मुलगा रोज सायंकाळी एकटाच सराव करू लागला. जेमतेम २.७ ग्रॅम वजनाचा तो चेंडू हळूहळू त्याचे ऐकू लागला. पण त्याबरोबर एक खोडही जडली. बॅट चेंडूला लागण्याच्या क्षणी तो आपला डावा हात आड धरी. समोरच्याला काहीच दिसत नसे आणि गुण मात्र मिळत.

एके दिवशी क्रीडाशिक्षकांनी हे पाहिले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बॅट घेतली आणि हात आड धरून दहा सर्व्हिस केल्या. मुलाला एकही परतवता आली नाही. मग त्यांनी उघडपणे दहा केल्या. पहिल्या चार चुकल्या. पुढे मात्र बॅटचा कोन व चेंडूची उसळी पाहता पाहता त्याला उमज पडू लागली.

“पहिल्या दहांत तू काय शिकलास?” त्यांनी विचारले. मुलाने मान खाली घातली.

मग त्यांनी त्याला या खेळाची कथा सांगितली. १९३७ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचे खेळाडू चेंडू बोटांनी पिळून सर्व्हिस करीत. ती रीत पुढे बंद झाली. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा भरली. त्या काळी खेळाडू बॅटच्या आवाजावरूनही फटका ओळखत; परंतु जपानच्या हिरोजी सातो याच्या बॅटवर जाड स्पंज होता आणि तिचा आवाजच येत नसे. भले भले खेळाडू गोंधळले व सातो जगज्जेता झाला. त्याने नियम मोडला नव्हता. पण पुढे स्पंजाच्या जाडीला मर्यादा आली. आज चेंडू उघड्या तळहातावर ठेवावा लागतो, निदान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो, आणि २००२ पासून तो अंगाआड वा हाताआड लपविण्यासही मनाई आहे.

“चातुर्याला हा खेळ कधीच मनाई करीत नाही,” ते म्हणाले. “समोरच्याला पाहण्याची संधी असावी, एवढेच तो मागतो.”

दुसऱ्या दिवशी मुलाने डावा हात बाजूला घेऊन सर्व्हिस केली. वरच्या वर्गातील त्या खेळाडूने डोळे बारीक करून ती नेमकी ओळखली आणि चेंडू परतवला. गुण गेला. मुलाने चेंडू उचलला, तळहात सपाट पसरला आणि तो पुन्हा त्यावर ठेवला. या खेपेस त्याच हालचालीत त्याने चेंडूला नुसते ढकलले. समोरच्याचा चेंडू टेबलाबाहेर उडाला आणि दोघेही मनापासून हसले.