विसराळू कारकुनाची वही

ज्याचे स्मरण बळकट त्याला वहीची गरज नाही आणि ज्याचे दुबळे त्याने वहीवाचून घराबाहेर पडू नये, असा एक सर्वसाधारण समज आहे. आम्हांला तो फारसा पटत नाही. टिपण करावयाचे तर अमुक गोष्ट आपण विसरणार, हे आधी सुचावे लागते. आणि खरा विसराळू मनुष्य आपण विसरणार आहोत हेच विसरलेला असतो!

या विचाराला निमित्त झाले ते मोठे चमत्कारिक. संगणकाच्या धंद्यात स्थिरावलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कृत्रिम बुद्धीच्या 'एजंटां'साठी, म्हणजे सोपविलेले काम आपणच पायरीपायरीने उरकणाऱ्या यंत्रकारकुनांसाठी, टिपणे लिहिण्याचे एक साधन तयार केले आणि त्याची माहितीपुस्तिका आमच्यापुढे ठेवली. "सर, यंत्राचे मी पाहतो; वाक्यांचे तुम्ही पाहा," असे म्हणून तो मोकळा झाला.

या कारकुनाची विद्वत्ता अफाट, पण चालू कामापुरते पाहिले तर समोरच्या मेजावर मावेल तेवढ्याच मजकुराचे त्याला भान. २०२० सालच्या जीपीटी-३ च्या मेजावर सुमारे २,००० टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, मावत. २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या क्लॉड ३ च्या मेजावर २,००,००० मावू लागले. मेज शंभरपट झाले खरे, परंतु लांबलचक कामात तेही भरते. आणि नवी बैठक सुरू झाली की ते पुन्हा कोरे. म्हणून वही हवी. अँथ्रॉपिक कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या क्लॉडला असेच स्मृतिसाधन दिले. फाइल पाहणे, नवी करणे, मजकूर बदलणे, ओळ घालणे, नाव बदलणे आणि काढून टाकणे एवढ्याच त्याच्या क्रिया. आमच्या विद्यार्थ्याचे साधन याच जातीचे आहे.

क्रियांचे वर्णन अर्ध्या पानात आटोपले. खरी अडचण पुढेच होती. ही पुस्तिका मुख्यतः वाचणार तो कारकूनच. आणि तो ती प्रत्येक वेळी प्रथमच वाचणार. वही कशी उघडावी हे त्याला एका वाक्यात सांगता येते. तीत काय लिहावे हे कसे सांगावे?

येथे आम्हांला आमच्या वडिलांच्या रोजनिशीची आठवण झाली. १९७४ सालच्या एका पानावर त्यांनी लिहिले आहे : 'वाडीचा व्यवहार पुरा केला. कारण स्पष्टच आहे.' खाली तारीख, रक्कम, मुद्रांकाचा खर्च, साक्षीदारांची नावे, सारे काही चोख. नाही ते फक्त कारण. त्या वर्षापासून काकांच्या घराशी आमचे जाणेयेणे तुटले. आता वडील नाहीत आणि काकाही नाहीत. मध्यंतरी एका लग्नात चुलतभावाने विचारले, "दादा, अण्णांनी वाडी का हो विकली?" वडिलांचे अक्षर आम्हांला शब्दन् शब्द लागते, पण उत्तर देता येईना.

आम्ही पुस्तिकेत नियम घातला : वाचणाऱ्याला काहीही ठाऊक नाही असे समजून लिहावे. 'काल' न लिहिता तारीख लिहावी. निर्णयाशेजारी कारण लिहावे. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून कळलेले आणि नुसते तर्काने ठरविलेले वेगवेगळे ठेवावे. कारण उद्याचा कारकून आपल्याच वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवणार, आणि बाहेरच्या कागदावरून उतरलेली एखादी लबाड ओळही तो मालकाची आज्ञा समजून बसण्याचा संभव आहे.

विद्यार्थ्याने हे सारे मान्य केले. एक शंका मात्र काढली. "सर, कामाच्या ओघात लोक यंत्राला घरच्या, आजारपणाच्या, पैशाच्या गोष्टी सांगतात. कारणे लिहायची म्हटली तर तीही वहीत जाणार. चालेल?"

आम्ही बराच वेळ गप्प होतो. वडील हिशेबात पैचीही हयगय न करणारे गृहस्थ. अशा मनुष्याच्या हातून नेमके कारणच लिहावयाचे राहावे, हे संभवत नाही. ते त्यांनी लिहिले नसावे ते कोणाची तरी अब्रू राखण्यासाठीच. कदाचित काकांची, कदाचित आमचीही. दोघा भावांतली ती गोष्ट दोघांबरोबर संपावी, एवढीच त्यांची इच्छा असेल.

तेव्हा आम्ही शेवटचा नियम लिहिला : माणसांच्या खाजगी गोष्टी वहीत उतरू नयेत, आणि काही वगळले असेल, तर ते जाणूनबुजून वगळले आहे एवढे अवश्य नोंदवावे. हा नियम यंत्र कितपत पाळील, हे विद्यार्थी पाहील. वडिलांनी तेवढे एक वाक्य लिहून ठेवले असते, तर भावाला सांगावयास आमच्यापाशी काहीतरी होते.