लांबी कुणी सांगितली?

२०१९ च्या पावसाळ्यात एका मोठ्या ग्राहकाने आमच्यापुढे अट ठेवली. पेटीच्या आतला सगळा सी कोड सुरक्षेच्या दृष्टीने तपासा, अहवाल द्या, मगच ऑर्डर. पेटी म्हणजे कारखान्यातल्या विजेच्या मीटरांचं रीडिंग गोळा करून सर्व्हरकडे पाठवणारं छोटं उपकरण. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीच्या कारखान्यांत आमच्या तीनेकशे पेट्या पॅनेलमध्ये बसलेल्या होत्या. कोड ऐंशी हजार ओळींचा, अकरा वर्षांत आठ-दहा जणांच्या हातांखालून गेलेला. काम माझ्याकडे आलं.

मी तोवर बारा वर्षं सी लिहीत होते. तरी कोड न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणारी साधनं मी कधी मनापासून वापरली नव्हती. आमच्याकडे कुणीच नव्हती वापरली. कल्पना तशी जुनी आहे. सी ज्या बेल लॅब्जमध्ये जन्मली तिथेच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कपड्यावरचा धागा-धूळ टिपावी तसा तो कोडमधल्या संशयास्पद जागा टिपायचा. म्हणजे आमच्या पेटीची पहिली ओळ लिहिली गेली तेव्हा हे शहाणपण तीस वर्षांचं झालेलं होतं आणि ते आमच्या दारात आलेलं नव्हतं.

पहिल्या रात्री मी सीपीपीचेक आणि क्लँगचा ॲनालायझर अशी दोन साधनं कोडवर सोडली. कंपायलरचे सगळे इशारेही चालू केले. सकाळी यादी बघितली, तर दोन हजार एकशे चाळीस इशारे.

पहिले तीन दिवस वाया गेले, कारण मी ती यादी वरून खाली वाचत सुटले. न वापरलेले व्हेरिएबल, चिन्हांकित आणि बिनचिन्ह आकड्यांच्या तुलना, शैलीच्या कुरबुरी. चौथ्या दिवशी मी सगळं मिटलं आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर फक्त एवढं लिहिलं: या पेटीत बाहेरचं काय-काय शिरतं? मीटरच्या तारेवरून येणारी उत्तरं. नेटवर्कवरून येणारे संदेश. सेटिंग्जच्या पानावर माणसाने टाइप केलेली नावं. मेमरी कार्डावरची फाइल. दारं चारच होती. मग यादीतले जे इशारे या चार दारांशी नातं सांगत होते, ते आधी घेतले.

माझे वडील वाळवा तालुक्यात तलाठी होते. जमिनीचा वाद घेऊन माणूस आला की तो सातबारा पुढे करायचा, आणि वडील म्हणायचे, उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते मला दिसतंय. फेरफार काढ, हे नाव इथवर आलं कसं ते बघू. वारसाने आलं, खरेदीने आलं, की मधल्या एखाद्या नोंदीला आधारच नाही? ॲनालायझर आकड्यांच्या बाबतीत नेमकं हेच करतो. प्रोग्रॅम न चालवता तो त्यातली प्रत्येक वाट धरून चालत जातो, ‘जर’ आला की दोन्ही फाटे धरतो, आणि या ठिकाणी वापरलेला आकडा मूळ कुठून आला, वाटेत त्याची खातरजमा कुणी केली का, हे मागे-मागे शोधतो. बाहेरून आलेल्या आणि न तपासलेल्या किमतीला या क्षेत्रात ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेली, म्हणतात. डाग धुतला न जाता ती किंमत मेमरीला हात लावणाऱ्या ओळीपर्यंत पोचली, तर तिथे धोका.

अशी पहिली खरी चूक दोन तासांत सापडली. सेटिंग्जच्या पानावर पेटीला नाव देता येतं. ते नाव लॉगमध्ये लिहिताना आमच्या कोडने ते ‘प्रिंटएफ’च्या साच्याच्या जागीच घातलं होतं. साधं नाव दिलं तर काही बिघडत नाही. पण नावात टक्क्याची चिन्हं घातली तर प्रोग्रॅम त्यांना आज्ञा समजतो. टक्का-एक्स मेमरीतलं वाचून दाखवतो, टक्का-एन मेमरीत लिहितो. ही चूक दाखवणारा इशारा कंपायलरमध्ये वर्षानुवर्षं होता. आम्ही तो चालू केला नव्हता, एवढंच.

दुसरी चूक समजायला मला एक अख्खी दुपार लागली, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. एका फंक्शनमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे का ही तपासणी त्याच्या खालच्या ओळीत होती. मला वाटलं, क्रम चुकला, पण तपासणी आहे ना. नाही. सी भाषेच्या नियमानुसार रिकामा पॉइंटर वापरणं मुळातच निषिद्ध. त्यामुळे कंपायलर असा विचार करतो की ज्या अर्थी वरच्या ओळीत हा पॉइंटर वापरला, त्या अर्थी तो रिकामा नसणारच. मग खालची तपासणी निरर्थक. आणि तो ती काढून टाकतो. कोडमध्ये ती डोळ्यांना दिसते, पेटीत मात्र ती नसते. २००९ साली लिनक्स कर्नलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये हेच घडलं होतं आणि त्यावर चालणारा हल्ला लोकांनी करून दाखवला होता. मी आमच्या पेटीतला मशीन कोड उघडून बघितला. तपासणी खरोखरच गायब होती. त्या दिवसापासून कोड वाचून ‘इथे चेक आहे’ असं म्हणताना मी थांबते.

दहातले सहा इशारे मात्र चुकीचे निघत होते. यात साधनाचा दोष कमी. कुठल्याही प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचे प्रश्न कायम अचूक सोडवील अशी पद्धत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे. साधन एकतर नाहक ओरडणार किंवा कुठेतरी गप्प राहणार. ओरड्याचा ताप कळतो. गप्प बसण्याचा कळत नाही.

ओरड्याला कंटाळून आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने एका संध्याकाळी चाळीस इशारे मिटवले. कुठे कास्ट टाकला, कुठे ‘दुर्लक्ष कर’ अशी टीप टाकली, कुठे ओळच काढली. काम उरकावं हाच त्याचा हेतू होता आणि मुलगा मेहनती होता. मी त्याला शेजारी बसवून डेबियन लिनक्सची हकिकत सांगितली. २००६ साली तिथे ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाने मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार येते म्हणून काही ओळी काढल्या. त्या ओळींतूनच गुप्त किल्ल्यांसाठी लागणारा यादृच्छिकपणा आत येत होता. परिणामी यादृच्छिकपणाच्या नावाखाली उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. २००८ च्या मे महिन्यात हे उघडकीला येईपर्यंत जगभर लोक त्या किल्ल्या वापरत होते. आम्ही दोघांनी मिळून ते चाळीस बदल मागे घेतले आणि नियम केला: इशारा मिटवायचा असेल तर कारण वाक्यात लिहायचं आणि खाली नाव घालायचं.

सहा आठवड्यांनी अहवाल तयार झाला. एकोणीस खऱ्या चुका, सगळ्या दुरुस्त. साहेबांनी तो पाठवायला सांगितला. मला मात्र चैन पडेना, कारण नेटवर्कच्या दारातून येणाऱ्या संदेशांवर, सगळ्यात धोक्याच्या जागेवर, साधनांनी जवळजवळ एक शब्दही काढला नव्हता.

याचं कारण कोडच्या रचनेत होतं. संदेश एका फाइलमध्ये वाचला जायचा, फंक्शन पॉइंटरच्या तक्त्यातून दुसऱ्या फाइलमध्ये जायचा आणि तिसऱ्या फाइलमध्ये उलगडला जायचा. आमची साधनं एका वेळी एकच फाइल बघत होती. तक्त्याशी येऊन फेरफाराची साखळी तुटत होती.

तेव्हा हार्टब्लीड आठवलं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ती चूक जाहीर झाली, त्याआधी दोन वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. संदेश स्वतःच सांगायचा की माझी लांबी एवढी, सर्व्हर त्यावर विश्वास ठेवायचा आणि एका वेळी चौसष्ट किलोबाइटपर्यंत स्वतःची मेमरी परत पाठवायचा. स्टॅटिक ॲनालिसिसची, म्हणजे कोड न चालवता तपासणारी, साधनं तिथेही गप्प होती. मग अशाच एका साधनाच्या, कव्हेरिटीच्या, लोकांनी एक सुंदर कल्पना काढली. नेटवर्कवर मोठ्या आकड्यांच्या बाइट्स एका ठरावीक क्रमाने येतात आणि वापरण्याआधी त्या जोडून घ्याव्या लागतात. तर जिथे कोड बाइट्सचा क्रम जुळवतो, तो आकडा बाहेरून आलाय असं समजा. वाट सापडो न सापडो, ही जोडणीच त्याच्या परकेपणाची खूण.

मी कॉक्सिनेल नावाच्या साधनात बारा ओळींचा नियम लिहिला: एक बाइट आठ घरं डावीकडे सरकवून तिला दुसरी जोडली आहे, अशा सगळ्या जागा दाखव. एकतीस जागा आल्या. एकेक हाताने वाचली. एकोणतीस ठिकाणी पुढे मर्यादा तपासलेली होती. एक ठिकाण निरुपद्रवी निघालं. आणि एक राहिलं.

आमची पेटी मॉडबस ही औद्योगिक उपकरणांची भाषा बोलते. मॉडबस टीसीपीच्या संदेशाच्या सुरुवातीला सात बाइट्सचं शीर्ष असतं आणि त्यात लांबीसाठी दोन बाइट्स. नियमाप्रमाणे अख्खा संदेश २६० बाइट्सच्या वर जात नाही, आमचा बफरही बरोबर २६० चा. पण दोन बाइट्समध्ये ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो. आमचा कोड तो आकडा वाचायचा आणि तेवढ्या बाइट्स मेमकॉपीने बफरमध्ये ओतायचा. मर्यादेची ओळ कुठेच नव्हती.

टेबलावरच्या पेटीला मी लॅपटॉपवरून एक संदेश पाठवला, लांबी दोन हजार. पेटीचा हिरवा दिवा विझला, चार सेकंदांनी ती पुन्हा सुरू झाली. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मग तोच कोड ॲड्रेस सॅनिटायझर लावून लॅपटॉपवर चालवला, तेव्हा बफरच्या पलीकडे कुठे लिहिलं गेलं ते नेमकं दिसलं. बफरला लागूनच फंक्शन पॉइंटरचा तो तक्ता होता. म्हणजे जाणत्या माणसाने संदेश पाठवला तर पेटी नुसती बंद पडणार नव्हती. तो सांगेल ते तिने केलं असतं. पासवर्ड लागत नव्हता. मॉडबसमध्ये तो नसतोच.

हा भाग मूळ ज्यांनी लिहिला त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, हाताखाली शिकलेली आमची निम्मी टीम. त्यांच्याकडे हे घेऊन जाणं मला जड गेलं. त्यांनी चष्मा लावला, छापलेली दोन पानं सावकाश वाचली आणि म्हणाले, “ही लांबी मी विचारली नव्हती गं. तेव्हा विचारायची गरज नव्हती.”

त्यांनी जुनी आवृत्ती उघडून दाखवली. २००८ साली पेटी फक्त तारेवरच्या मीटरांशी बोलायची. तिथे मीटर आपल्या उत्तरात किती बाइट्स आहेत ते एकाच बाइटमध्ये सांगतो. एका बाइटमध्ये २५५ च्या वर आकडा मावत नाही, बफर २६० चा. मर्यादा तपासली नाही तरी तो ओलांडणं अशक्यच होतं. काकांचा कोड बरोबर होता. पाच वर्षांनी नेटवर्कची सोय आली, दुसऱ्या कुणीतरी तेच फंक्शन उचललं आणि एका बाइटच्या जागी दोन आल्या. कॉपी करणारी ओळ अक्षरशः तीच राहिली. ती बरोबर का होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ती चुकीची कधी झाली हेही कुणाला कळलं नाही.

दुरुस्ती तीन ओळींची होती. काकांनी ती स्वतः लिहिली आणि वर मराठीत टीप घातली: लांबी बाहेरची आहे, विश्वास नको.

जुन्या तक्रारींत रांजणगावच्या एका पेटीची नोंद होती: मधूनच आपोआप बंद होते, पुन्हा सुरू होते. आम्ही व्होल्टेजवर खापर फोडून ती तक्रार मिटवली होती. त्या वेळचे लॉग उरलेले नाहीत, त्यामुळे कारण हेच होतं असं मी म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी ती तक्रार मी पुन्हा उघडली.

आमच्या पेट्यांना दुरून नवा कोड देता येत नव्हता. तंत्रज्ञ प्रत्येक कारखान्यात गेले, पॅनेल उघडलं, केबल लावली. त्याला आठ महिने लागले. आता कोणताही नवा इशारा आला की आमचा बिल्ड थांबतो.

गेल्या दिवाळीत भाची अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची वही घेऊन आली. तिसऱ्याच प्रयोगात नाव वाचायला ‘गेट्स’ वापरलेलं. समोरून किती अक्षरं येतील हे न विचारता वाचत सुटणारं ते फंक्शन १९८८ साली मॉरिस वर्म या उपद्रवी प्रोग्रॅमने इंटरनेटवर पसरायला वापरलं आणि २०११ च्या सी मानकातून ते काढून टाकलं गेलं. शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे: ते वह्यांमधून काढा, आणि पहिल्या प्रयोगापासून कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवून मुलांना ते मोठ्याने वाचायला लावा. २०२० च्या जीसीसी १० पासून तर ॲनालायझर कंपायलरच्या आतच आला आहे. त्याला पैसे पडत नाहीत.