चंद्रभागेकाठचे गोंदण

आषाढ शुद्ध दशमीच्या दुपारी पंढरपुरात आपण चालत नसतो; गर्दी आपल्याला नेत असते. वारकऱ्यांसाठी उभारलेल्या एका तात्पुरत्या दवाखान्यात आम्ही काही डॉक्टर मित्रमैत्रिणी दरवर्षी चार दिवस बसतो. तळपायांचे फोड, जुलाब, पावसात भिजून भरलेला ताप, घरी विसरून आलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, असे तिथले ठरलेले काम. त्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे मिळाले आणि मी वाळवंटाच्या दिशेने निघाले. बुक्क्याचे ढीग, कुंकवाच्या राशी, तुळशीच्या माळा, चुरमुऱ्यांच्या गोण्या आणि टाळांचा नाद. त्या गलक्यातही एक बारीक, सलग गुणगुण कानांना लागली. भुंगा अडकून पडावा तशी. ते गोंदणाचे यंत्र होते.

घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला पोते अंथरून एक तिशीचा तरुण बसला होता. शेजारी बॅटरी, मांडीवर जुना टॉवेल आणि मागे नमुन्यांचा फलक. त्या फलकाकडे मी बराच वेळ पाहत राहिले. वरच्या ओळींत तुळशीवृंदावन, विंचू, चांदणी, स्वस्तिक, ‘राम’ ही दोन अक्षरे, ठिपक्यांच्या जोड्या. खालच्या ओळींत वाघाचा जबडा, पंख पसरलेला गरुड, बाण लागलेले हृदय आणि सावल्यांसकट काढलेला विठ्ठलाचा चेहरा. दोन पिढ्यांच्या आवडी एकाच फलकावर नांदत होत्या.

माझ्या आजीच्या हनुवटीवर एक ठिपका होता आणि मनगटाच्या वर तुळशीवृंदावन. लहानपणी मी ते ओल्या बोटाने पुसून पाहत असे. ती हसायची आणि म्हणायची, सोने-नाणे सगळे इथेच राहते, हा एकच दागिना बरोबर येतो. तिच्या लहानपणी गोंदणारीण दारावर यायची. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याच्या काजळीत बुडवायच्या, टोचून झाले की वर हळद चोळायची. वैद्यकीय शिक्षण झाल्यावर ‘काय हा अघोरी प्रकार’ असे मी तिला एकदा ऐकवले होते. ती काहीच बोलली नव्हती. आज ते वाक्य मला परत घ्यावेसे वाटते. सगळे नाही, अर्धेच.

कारण नक्षीच्या बाबतीत त्या बायकांना जे कळत होते, ते फलकाच्या खालच्या ओळी काढणाऱ्याला कळलेले नाही. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. साधारण महिन्याभरात तो नवा होतो. म्हणून गोंदणाची सुई त्याच्या खालच्या थरात, सुमारे एक-दोन मिलिमीटर खोल, जावी लागते. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी शाईचे कण गिळतात; पण ते पचवता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. ती पेशी मेली की मोकळे झालेले कण शेजारची नवी पेशी गिळते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात ही देवघेव दाखवून दिली. काही कण मात्र लसिकाग्रंथींपर्यंत वाहत जातात. वर्षे सरतात तशी रेषा पसरते आणि काळा रंग हिरवट-निळा दिसू लागतो. अशा पसरणाऱ्या कागदावर टिकते काय? ठिपका टिकतो, ठळक रेषा टिकते, मध्ये मोकळी जागा ठेवलेले तुळशीवृंदावन टिकते. आजी ऐंशीव्या वर्षी गेली, तेव्हाही तिच्या हातावरची तुळस ओळखू येत होती. बारीक सावल्यांनी रंगवलेला चेहरा वीस वर्षांनी कोणाचा म्हणून ओळखायचा, हे देवच जाणे.

डॉक्टरच्या नजरेने आणखी दोन गोष्टी सांगते. तिळावर किंवा चामखिळीवर कधीही गोंदवू नये; तीळ बदलू लागला, तर तो बदल शाईखाली दिसत नाही. आणि जखमेचा वण जाड, उंचवट्यासारखा वाढण्याची ज्यांची प्रकृती आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा अधिक आढळते. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. जत्रेतली ‘काळी मेंदी’ पुसली जाते म्हणून निर्धोक, असेही समजू नका. तिच्यात केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने कातडीवर फोड येतात.

मी पाहत होते तेवढ्या वेळात त्या तरुणाने तिघांना गोंदले. सुई तीच. शाईचे झाकण तेच. मधल्या वेळात सुई टॉवेलला पुसायची, बस.

“दादा, सुई कधी बदलता?”

“बोथट झाली की बदलतो, बाई.” त्याने इतक्या सहजपणे सांगितले की त्यात लपवण्यासारखे काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

मला माझ्या दवाखान्यातले एक जोडपे आठवले. पहिल्या गर्भारपणाच्या तपासणीत त्या मुलीला हिपॅटायटिस बी निघाला. मग नवऱ्याचे रक्त तपासले, त्यालाही निघाला. त्याच्या हातावर जत्रेत गोंदवलेले तिचे नाव होते. रोग त्या सुईतूनच आला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वाटा अनेक असतात आणि मागे जाऊन माग काढता येत नाही. पण ‘याआधी कधी सुई टोचून घेतली होती का?’ या प्रश्नावर त्याने तो हात पुढे केला, आणि तिने आपल्या नावावरून नजर काढून घेतली. बाळाला जन्मताच चोवीस तासांच्या आत लस आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले, ते सुखरूप आहे. त्या दोघांची तपासणी मात्र आयुष्यभराची झाली.

हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसण्याचीही गरज नसते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही याच वाटेने येऊ शकतात, आणि त्या दोन्हींवर लस नाही. टॉवेलने पुसून किंवा सुई स्पिरिटमध्ये बुडवून हे विषाणू मरतील याची खात्री देता येत नाही. शिवाय झाकणातली शाई घट्ट झाली की तो तरुण तिच्यात बाटलीतले पाणी घालत होता. साध्या पाण्यातले जंतू त्वचेखाली गेले, तर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी होऊ शकतात. गोंदवल्यानंतर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, त्यामागेही रक्तातून पसरणाऱ्या याच रोगांची भीती आहे.

हे सारे मी त्याला उभ्या उभ्या सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि हिशेब मांडला. सुईचा भाव अमुक, अक्षरामागे मिळतात दहा रुपये. तीन अक्षरांच्या नावात नवी सुई लावली तर घरी काय न्यायचे? त्याची आजी हेच काम करायची, तेव्हा कोणी विचारले नव्हते. हिशेबात चूक नव्हती. तेवढ्यात रांगेतली एक बाई, मांडीवर मूल घेऊन बसलेली, म्हणाली, “नवी सुई लाव की मग. वर पैसे देते मी.” त्याने मुकाट्याने पत्र्याचा डबा उघडला. आत बंद पाकिटांतल्या सुया होत्या! नव्या झाकणात नवी शाईही ओतली गेली. मागितली तर मिळत होती, इतकेच. हातमोजे तेवढे डब्यात नव्हते. स्वतःच्या बोटांना किती वेळा टोचले असेल, असे विचारल्यावर तो हसला. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, ते त्याने आधी घ्यावेत, असे सांगून मी नाव लिहून दिले. त्याने चिठ्ठी खिशात ठेवली.

रांगेत एक मुलगा दंडावर विठ्ठलाचा चेहरा काढून घ्यायला थांबला होता. बोलता बोलता कळले की तो सैन्यभरतीची तयारी करतो आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी सैन्याला गोंदण चालते; परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी उमेदवारांना तेवढी सवलत आहे. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. गोंदण लेसरने काढता येते, पण त्याला महिन्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात, खर्च मोठा असतो आणि कातडीवर फिकट खूण राहू शकते. तो रांगेतून बाजूला झाला आणि मोबाइलवर शोधू लागला. माझ्यावर विश्वास बसला नसावा. ते बरेच झाले. तपासून पाहण्याची सवय चांगलीच.

एकादशीच्या रात्री अकराच्या सुमारास स्वयंसेवक एका सत्तरीपुढच्या आजींना आमच्याकडे घेऊन आले. त्या दिंडीपासून चुकल्या होत्या. अंगात पाणी कमी झालेले, बोलणे विस्कळीत. गाव विचारले की “विठ्ठल, विठ्ठल” म्हणत. सलाइनसाठी शीर शोधायला मी त्यांचा हात विजेरीच्या उजेडात धरला, तेव्हा ठिपक्यांच्या ओळीखाली पसरलेली चार अक्षरे दिसली. नाव होते. पूर्वी जत्रेत मूल हरवू नये म्हणून असे नाव गोंदवत. ध्वनिक्षेपकावरून आम्ही ते पुन्हा पुन्हा पुकारले. तासभर कोणी आले नाही.

नंतर कळले की त्यांचे दोन्ही मुलगे आमच्यापासून शंभर पावलांवर आईला शोधत होते आणि ते नाव त्यांनी ऐकलेही होते. पण ते आईचे माहेरचे नाव. लग्नात ते बदलले आणि सासरी कोणाला ते ठाऊकच नव्हते. शेवटी धावत आल्या त्या आजींच्या धाकट्या बहीण, वेगळ्या गावच्या, वेगळ्या दिंडीतल्या. साठ वर्षांत कोणी न उच्चारलेले नाव त्यांनी गर्दीत ऐकले होते.

सलाइन संपेपर्यंत त्या थोरलीचा हात धरून बसल्या. मी पाहिले, त्यांच्या हातावरही तशीच ठिपक्यांची ओळ आणि खाली त्यांचे नाव होते. दोन्ही हात उजेडात शेजारी शेजारी होते आणि अक्षरे एकाच वळणाची होती.

“एकाच दिवशी गोंदवलं का हो, मावशी?”

“व्हय की. हितंच, वाळवंटात. आय घिऊन आली व्हती. आधी तिला टोचलं, मग मला.” त्या थोरलीच्या हातावरून बोट फिरवत म्हणाल्या, “त्याच सुईनं.”