पातळ झालेलं रक्त

भाचीला सहावा लागलाय. बोरिवलीहून तिचा रिपोर्ट घेऊन आम्ही लाँचने गोराईला परतत होतो. वाऱ्यावर तिवरांच्या चिखलाचा वास होता. कागद फडफडत होता आणि ती अंगठ्याने नेमका एकच आकडा दाबून बसली होती : हिमोग्लोबिन 10.8, पुढे ठळक अक्षरांत ‘कमी’. अल्ब्युमिनही कमी. कोलेस्टेरॉल, अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त. ‘‘मावशी, सगळंच बिघडलंय का गं?’’

बिघडलं काहीच नव्हतं. तिचं माप दुसऱ्याच बाईच्या पट्टीने काढलं होतं, पोटुशी नसलेल्या.

दिवस गेले की रक्तातला पाणीदार भाग, प्लाझ्मा, 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो. लाल पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाहीत. पावसाचं पाणी मिसळलं की खाडी अळणी लागते, म्हणून तिचं मीठ कुणी चोरलेलं नसतं. असं पातळ रक्त वारेपर्यंत सहज पोचतं. फॉस्फेटेजची भर तर खुद्द वारच घालते. रक्त असं पातळ होतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना मधल्या तिमाहीत 10.5 पर्यंत चालवून घेते. शेवटच्या तिमाहीत मात्र 11 हवं, म्हणजे हाच 10.8 तेव्हा खरंच कमी ठरेल.

तेव्हा लोहाची लाल गोळी सोडायची नाही. नऊ महिन्यांत साधारण 1000 मिलिग्रॅम लोह लागतं, ते नुसत्या जेवणातून भरून निघणं कठीण. सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि जोडीला फॉलिक अॅसिड. या फॉलिक अॅसिडची कहाणी आपल्या मुंबईतली आहे. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे आली. गोरगरीब गर्भारणी पांढऱ्याफटक पडत होत्या, दगावत होत्या. तिने जंतू शोधले, ते सापडेनात. मग तिने त्यांच्या ताटात पाहिलं. ताटं जवळजवळ रिकामी. यीस्टचा स्वस्तातला अर्क, मार्माइट, दिल्यावर बायका सावरल्या. हे तिने 1931 मध्ये छापलं. तो गुण नेमका कशाचा, हे उमगायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 मध्ये ते द्रव्य वेगळं काढलं, तेही पालकाच्या पानांतून!

गोराईच्या वाड्यांतला पालक, लाल माठ टोपल्यांतून खाडी ओलांडतो. तो उकळून पाणी ओतून टाकलं, की निम्मा जीव मोरीत गेला. आणि नुसता पाला पुरत नाही. बी-12 पाल्यात नसतंच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना दिसलं, की फोलेट (म्हणजे हेच फॉलिक अॅसिड) भरपूर पण बी-12 कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचा कल जास्त होता. शेजारची कोळीण माठात मूठभर सुका जवळा टाकते, ते उगाच नव्हे. मासळी न खाणाऱ्यांनी दूध-दही घ्यावं, बी-12 तपासून घ्यावं.

भाचीला मी एवढंच सांगितलं : गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि लॅबवाल्यांना विनंती, की गर्भारणीच्या रिपोर्टवर गर्भारणीचेच आकडे छापा.