आधी करंट, मग पेट्रोल

रविवारी सकाळी सात वाजता मी गाडीवरचं कव्हर काढतो. बॉनेट उघडून रेडिएटरमधलं पाणी बघायचं, डिपस्टिक पुसून तेल बघायचं, चोक ओढायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन लागलं की चोक थोडा थोडा आत सारत न्यायचा. घाई केली तर गाडी बंद पडते, विसरलो तर प्लग काळे होतात. माझी फियाट १९६७ सालची, ११०० डी, म्हणजे 'डिलाइट'. गेली बावीस वर्षं तिचं इंजिनाचं काम मी स्वतःच्या हातांनी करतो आहे.

हे शिकवलं आमच्या शेजारच्या काकांनी. ते कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली आणि पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. १९५४ पासून जी ११०० इथे तयार होऊ लागली, तिला लोकांनी नाव दिलं 'डुक्कर फियाट'. गोल पाठ, फुगीर गाल, पुढे आलेलं नाक. पुढचे दरवाजे तर उलटेच. बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाच्या दिशेनं उघडायचा. घरातल्या गुटगुटीत पोराला आपण लाडानं काहीबाही नाव ठेवतो, तसंच हे नाव. आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी 'डुक्कर' आणली की माणसं आधी तिच्याकडे वळतात.

१९६४ मध्ये ११०० डी आली. लांबी चार मीटरच्या आतच, इंजिन १०८९ सीसीचं, पुढे सलग बाकासारखं सीट, दाराला तिकोनी काच आणि गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. पुढे १९७४ मध्ये हीच गाडी 'पद्मिनी' झाली. नाव बदललं, पण इंजिन आणि सांगाडा तोच राहिला. म्हणून पद्मिनीचे कितीतरी सुटे भाग माझ्या डिलाइटला आजही चालतात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात तास-दोन तास घालवले तर हाती काहीतरी लागतंच.

काकांचा पहिला धडा एका ओळीचा होता. "आधी करंट बघ, मग पेट्रोल. दोन्ही वेळेवर पोचत असतील तर ही चालू व्हायलाच पाहिजे. उगाच दहा ठिकाणी हात घालू नकोस." तेव्हा मला ते फार साधं वाटलं होतं. पण बंद पडलेल्या गाडीपुढे माणसाचं डोकं आधी बंद पडतं, आणि अशा वेळी क्रम ठाऊक असणं हीच निम्मी दुरुस्ती असते, हे पुढे कळलं.

करंट म्हणजे पॉइंट. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, रोटर उचलायचा. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हातानं किंचित ढकलली की आतला कॅम फिरतो आणि पॉइंट उघडतो. तो सगळ्यात जास्त उघडला की फट मोजायची. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. फीलर गेजची पाती त्या फटीत घालून ओढायची. सहज सुटून आली तर फट जास्त, अडकून बसली तर कमी. वहीत ठेवलेलं पिंपळपान ओढताना ते किंचित धरून ठेवतं आणि मग सुटतं, तशी ती पाती यायला हवी. आकडा पुस्तकात मिळतो, ही ओढ मात्र बोटांना यावी लागते. मला ती यायला एक पावसाळा गेला. काका बाजूला उभे राहून नुसते म्हणायचे, "पुन्हा कर."

पेट्रोलचा धडा कसाऱ्याच्या घाटात मिळाला. मे महिना, भर दुपार, गाडीत घरची चार माणसं. चढावर पिकअप गेला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. करंट बघितला; प्लगला ठिणगी स्वच्छ निळी. मग पेट्रोल. टाकी अर्धी भरलेली, पण कार्बोरेटर कोरडा. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती. हा पंप द्रव ओढतो, वाफ त्याला ओढवत नाही. नॅपकिन पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला, त्यावर थोडं थोडं पाणी सोडत राहिलो आणि झाडाखाली थांबलो. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. तेव्हापासून ओला नॅपकिन आणि दोन बाटल्या पाणी ही माझ्या गाडीची हत्यारंच आहेत.

त्या पंधरा मिनिटांत एक गृहस्थ आपली गाडी थांबवून आमच्यापाशी आले. सत्तरीचे असावेत. मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली, म्हणाले. "जरा बसू का?" मी दार उघडून दिलं. ते बसले, आणि खाली न बघता त्यांचा डावा हात नेमका दांडीवर गेला. क्लच दाबून त्यांनी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे गिअर टाकून पाहिले. मग म्हणाले, "बुश नवीन टाकलेत. लिंकेज मोकळं आहे." बरोबर होतं. हे बुश झिजले की दोन गिअर एकमेकांत अडकतात आणि भर सिग्नलला उतरून, बॉनेट उघडून लिव्हर हातानं सरळ करावे लागतात. मी त्याच महिन्यात ते बदलले होते, आणि त्यांनी न बघता, तळहातानं ओळखलं. उतरताना त्यांनी दाराची तिकोनी काच एकदा उघडून मिटली. बाकी काही बोलले नाहीत.

या गाडीवर आमच्यासारख्यांचा इतका जीव का, याचं उत्तर मला त्या हातात सापडलं. तिचं रूप गोड आहे, आठवणीही आहेत. पण रूप आणि आठवणी फोटोतही राहतात. ही गाडी माणसाला कामाला लावते, आणि केलेल्या कामाची पोच लगेच देते. पॉइंट नीट बसला की पुढच्याच क्षणी इंजिनाचा आवाज गोल होतो. ती बिघडते तेव्हा कारण सांगते, आणि ते कारण साध्या माणसाला दहा-बारा पान्यांनिशी शोधता येतं. जी वस्तू आपल्याला शिकू देते, तिच्यावर जीव जडतोच.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि घराघरांतल्या फियाटचे दिवस भरत आले. २००० च्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदणीची वीस वर्षं पूर्ण करून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या दारातल्या.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी मिळते. पण ती घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. मी गाडी साध्याच नोंदणीवर ठेवली आहे. दर पाच वर्षांनी तपासणी करून घेतो, पर्यावरण कर भरतो आणि दर रविवारी तिला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणतो. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये बसतो, ब्रेकची रबरं धरतात, पत्रा आतून सडतो. चालवल्यानं गाडी झिजते, न चालवल्यानं मरते.

तुमच्या वाड्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा तिचं बॉनेट उघडा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, बॅटरी लावा, प्लग साफ करा. करंट बघा, मग पेट्रोल बघा. ब्रेक पक्के झाल्याशिवाय रस्त्यावर मात्र नेऊ नका. आणि शेजारचं एखादं पोर बघत उभं राहिलं, तर फीलर गेज त्याच्या हातात द्या.