पिकअप गेला म्हणजे इंजिन गेले नव्हे

आपल्या वस्तीत जुन्या डिझेल गाडीवर पोट असणारी कुटुंबे आहेत, म्हणून हा अनुभव लिहीत आहोत. आमच्या धाकट्या बंधूंची भाड्याची गाडी चढावर दम टाकू लागली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगितले. तो खर्च म्हणजे मुलांची वर्षाची फी!

आम्ही पडलो कारकून. हिशेबात फरक आला तर आधी बेरीज तपासतो, वही फाडत नाही. तसेच येथे केले.

रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ साली पेटंट मिळालेल्या या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. म्हणून हवा आणि डिझेल, दोन्ही पुरेसे पोचते का, हे आधी पाहावे.

काळा धूर असेल तर एअर फिल्टर व नोझल तपासावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. तेव्हा इंजिनाचा संशय खरा. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो. चाक तापत असेल तर ब्रेक चिकटतो.

आमच्या गाडीत यापैकी काही नव्हते. डिझेल फिल्टर उघडला, तर तळाशी पाणी आणि गाळ! नवा फिल्टर टाकला, हातपंपाने लाइनमधील हवा काढली. गाडी घाट चढली, फी वेळेवर भरली गेली.

बंधू-भगिनींनो, मेकॅनिकचा मान ठेवा. पण पैसे देण्यापूर्वी ‘कशावरून?’ एवढे जरूर विचारा.